ई-कचऱ्याच्या शेडमधील कामगारांसाठी ठळक दिसणारे कपडे : नेमके काय निवडावे?

खाडीकाठ (धागाकर्ता) :

नमस्कार. मी तळोजा औद्योगिक वसाहतीतील एका ई-कचरा पुनर्चक्रण कारखान्यात पाळीप्रमुख आहे. आमच्याकडे जुने टीव्ही, मॉनिटर, संगणक, प्रिंटर आणि बॅटऱ्या येतात. माल उतरवणे, हाताने सुटे भाग करणे, श्रेडर (मालाचे तुकडे करणारे यंत्र) आणि वर्गीकरणाचा सरकता पट्टा अशी कामाची विभागणी आहे. एकूण ४२ कामगारांपैकी १५ महिला आहेत.

गेल्या महिन्यात संध्याकाळच्या पाळीत फोर्कलिफ्ट मागे घेताना चालकाला जंबो बॅगेशेजारी (माल भरण्याच्या मोठ्या पिशवीशेजारी) वाकून काम करणारा एक कामगार दिसला नाही. त्याच्या पायाला मार लागला. हाड मोडले नाही आणि तो आता कामावर परत आला आहे, परंतु तो प्रसंग आठवला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो, कारण त्या वेळी त्याच्या अंगात रेडियमचे जाकीट होते. नियम पाळला गेला होता आणि तरीही माणूस दिसला नव्हता.

आता व्यवस्थापनाने नवे कपडे घेण्यास मंजुरी दिली आहे. पुरवठादाराने तीन नमुने आणून ठेवले आहेत : पोपटी रंगाचे जाळीचे बिनबाह्यांचे जाकीट, नारिंगी रंगाचे जाड कापडाचे जाकीट आणि पट्ट्या शिवलेला पूर्ण बाह्यांचा पोपटी शर्ट. खरेदी विभागाला सर्वांसाठी एकच प्रकार हवा आहे. यांपैकी काय घ्यावे, आणि सर्वांना एकच कपडा देणे योग्य आहे का, याबद्दल या क्षेत्रातील जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कोनशिला :

सुरक्षा अधिकारी म्हणून अठरा वर्षे काम केल्यावर माझे असे मत झाले आहे की, रंगाच्या आधी एक प्रश्न विचारावा : या माणसाला कोणी, कुठून आणि कोणत्या उजेडात पाहायचे आहे?

अशा कपड्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या वेळी कामाला येतात. पहिली म्हणजे झगझगीत रंगाचे कापड. हा रंग उन्हातील अतिनील आणि निळा प्रकाश शोषून तो डोळ्याला दिसणाऱ्या रंगात परत देतो, म्हणून ढगाळ दिवशी किंवा तिन्हीसांजेला इतर रंग विझत असताना तो उठून दिसतो. दुसरी म्हणजे रुपेरी पट्टी. तिच्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा प्रिझम असतात आणि प्रकाश ज्या दिशेने आला, त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. याचा अर्थ असा की, दिवा पाहणाऱ्याच्या डोळ्याजवळ असेल तरच पट्टी चमकते. तुमच्या फोर्कलिफ्टचा मागचा दिवा चालू होता का? नसेल, तर मागे वळून पाहणाऱ्या चालकासाठी ती पट्टी केवळ करड्या रंगाची फीत होती.

आयएसओ २०४७१ या आंतरराष्ट्रीय मानकात, कपडा किती ठळक दिसतो त्यानुसार तीन वर्ग केलेले आहेत. दुसऱ्या वर्गासाठी झगझगीत कापड किमान ०.५० चौरस मीटर आणि चमकणारी पट्टी किमान ०.१३ चौरस मीटर लागते. तिसऱ्या वर्गासाठी हेच आकडे ०.८० आणि ०.२० आहेत. पट्टीची रुंदी ५० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. तिसऱ्या वर्गात केवळ धड झाकून भागत नाही, पट्ट्या लावलेल्या बाह्या किंवा पट्ट्या लावलेली पूर्ण लांबीची विजार यांपैकी एक तरी लागतेच. आपल्याकडे भारतीय मानक आयएस १५८०९ आहे. पुरवठादाराकडून मानकाचा क्रमांक आणि वर्ग छापलेली शिवलेली चिठ्ठी मागावी.

जुनी_वखार :

ते जाकीट किती दिवसांचे होते आणि शेवटचे कधी धुतले होते? बाकीची चर्चा त्यानंतर करू.

खाडीकाठ :

@कोनशिला, मागचा दिवा बंद पडलेला होता. तो आता दुरुस्त केला आहे.

@जुनी_वखार, आपण नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. जाकीट दिवाळीच्या सुमारास दिलेले होते आणि अपघातापर्यंत बहुधा एकदाही धुतले गेले नव्हते. पोपटी रंग जाऊन त्यावर टोनर (प्रिंटरची शाईपूड) आणि धुळीचा राखाडी थर बसला होता. पाळी संपताना मुले कॉम्प्रेसरच्या नळीने एकमेकांचे कपडे झटकतात आणि ती पुरेशी स्वच्छता आहे, असे मीही आजवर मानत आलो.

रसायनरेषा :

कृपया ती कॉम्प्रेसरची नळी आजच बंद करा. कपड्यांची निवड पुढच्या आठवड्यात झाली तरी चालेल.

तुम्ही जुने टीव्ही आणि मॉनिटर घेता, असे लिहिले आहे. रंगीत पिक्चर ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत सुमारे पाचवा हिस्सा शिशाचे ऑक्साइड असते. शिवाय झाळकामातील (सोल्डरमधील) शिसे आहेच. हवेच्या झोताने ही धूळ कपड्यातून निघून शेजाऱ्याच्या नाकात आणि डब्यात जाते. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत शिशाच्या कामाचे कपडे झटकून किंवा फुंकून साफ करण्यास स्पष्ट मनाई आहे आणि ते धुण्याची जबाबदारी मालकावर आहे.

ही धूळ घरापर्यंत पोहोचते, याचे एक नोंदलेले उदाहरण मला कधीच विसरता येत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात २०१० मध्ये एक आणि दोन वर्षांच्या दोन भावंडांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर १८ आणि १४ मायक्रोग्रॅम आढळले. वडील ई-कचऱ्याच्या कारखान्यात पिक्चर ट्यूब फोडण्याचे काम करत आणि घरी येताना त्यांच्या केसांत धूळ दिसत असे. त्यांनी ते काम सोडल्यावर मुलांच्या रक्तातील शिसे उतरले. संध्याकाळी बाप घरी आला की मूल धावत जाऊन त्याच्या अंगाला बिलगते, आणि त्याच क्षणी ही धूळ हात बदलते.

म्हणून माझी पहिली अट अशी आहे की, जो कपडा कारखान्यात राहील आणि कारखान्यातच धुतला जाईल किंवा कारखान्यातूनच धुलाईला जाईल, तोच घ्यावा. धुलाईवाल्यालाही कपड्यांत शिसे असल्याची लेखी कल्पना द्यावी.

कुर्लेकर :

चर्चा चांगली चालली आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. मुंबईतील कुर्ला आणि साकीनाका भागांतील गाळ्यांमध्ये माझे निम्मे आयुष्य गेले. तिथे माणसे दहा बाय बाराच्या खोलीत जमिनीवर बसून सर्किट बोर्ड तापवतात आणि त्यावरचे भाग उपटतात. तिथे फोर्कलिफ्ट नाही, श्रेडर नाही. अशा माणसाला पोपटी जाकीट देणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरे, असे होईल. त्याला धूर ओढून नेणारा पंखा, योग्य मास्क, हातमोजे आणि रक्ताची तपासणी हवी आहे. देणगीदार संस्था येतात, जाकिटे वाटतात, फोटो काढतात आणि जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ठळक कपडा स्वस्त असतो आणि फोटोत छान दिसतो, म्हणून तो आधी येतो. याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोनशिला :

@कुर्लेकर, तुमच्याशी मी बव्हंशी सहमत आहे. कपडा हा सुरक्षेचा शेवटचा थर आहे. त्याच्या आधी धूळ ओढणारी यंत्रणा, माणसांची आणि वाहनांची वेगळी वाट, पुरेसा उजेड या गोष्टी येतात. मात्र तुमच्याच भागातून हातगाडीवर माल लादून रात्री रस्ता ओलांडणारे जे लोक आहेत, त्यांच्यासाठी पट्टीचा कपडा खरोखर जीव वाचवणारा ठरू शकतो. गाळ्यात नको, पण रस्त्यावर हवा.

ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत या कामातील कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि त्यांच्या सुरक्षेवर व आरोग्यावर दरवर्षी देखरेख ही जबाबदारी राज्याच्या कामगार विभागावर टाकलेली आहे. गाळ्यांतील माणसांना त्या नोंदणीत आणण्यासाठी तुमच्यासारख्यांनी रेटा लावायला हवा.

कुर्लेकर :

हातगाडीचा मुद्दा मान्य आहे. रात्री कुर्ल्याच्या एलबीएस मार्गावर गाडी ओढणारा माणूस खरोखरच शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

सूतधागा :

मी इचलकरंजीत कापडाच्या व्यवसायात आहे, म्हणून कापडाविषयी लिहितो.

झगझगीत रंग पॉलिएस्टरवर जसा चढतो आणि टिकतो, तसा सुती धाग्यावर टिकत नाही. म्हणूनच असे बहुतेक कपडे पूर्ण पॉलिएस्टरचे असतात, किंवा मिश्र विणीचे असून त्यांत बाहेरच्या अंगाला पॉलिएस्टर आणि आतून कापूस असतो. तळोज्याच्या दमट हवेत दुसरा प्रकार अंगाला सोसतो. जाळीचे जाकीट हवेशीर असते हे खरे, पण सुटे भाग करण्याच्या टेबलावर पत्र्याच्या कडा, तारा आणि स्क्रू असतात. जाळी त्यांत अडकते आणि महिन्याभरात तिच्या चिंध्या होतात.

चिठ्ठीवर किती धुलाईपर्यंत कपडा टिकेल, तो आकडा पाहावा. तो आकडा नसेल तर कपडा घेऊ नये. बाजारात शंभर रुपयांच्या आत मिळणाऱ्या जाकिटांची पट्टी दोन-चार धुलाईत साबुदाण्यासारखी गळते.

घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षाही सांगतो. अंधाऱ्या शेडमध्ये नवा नमुना आणि वापरलेले जाकीट शेजारी टांगावे, वीस पावले मागे जावे आणि मोबाइलचा दिवा डोळ्याच्या अगदी शेजारी धरून पाहावे. दिवा कमरेशी धरला तर काहीच कळणार नाही. दोन्हींतील फरक खरेदी विभागाला दाखवला की पुढचे बोलणे सोपे होते.

अंगणवेल :

रेडियमचे जाकीट म्हणतात त्यात रेडियम नसतेच ना? माझ्या सासूबाईंना त्याची भीती वाटते.

सूतधागा :

नसते. पूर्वी घड्याळांचे काटे अंधारात दिसावेत म्हणून त्यांना रेडियमचा रंग लावत, त्यावरून अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ते नाव चिकटले. गाडीच्या नंबर प्लेटचे रेडियमही तसेच. सासूबाईंना निश्चिंत राहण्यास सांगावे.

यंत्रघर :

श्रेडर आणि पट्ट्याजवळच्या लोकांसाठी माझा इशारा लिहून ठेवा : तिथे शर्टावरून घातलेले सैल जाकीट नको. आमच्या जुन्या कारखान्यात पट्ट्याच्या रोलरमध्ये एका मुलाच्या जाकिटाचे टोक गेले. शेजारच्याने दोरी ओढून यंत्र थांबवले म्हणून तो वाचला. १९४८ च्या कारखाने अधिनियमातच, कलम २२ मध्ये, चालत्या यंत्राजवळ तपासणीचे काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे लिहिले गेले. एवढी जुनी समज असताना आपण त्याच माणसाला वरून एक फडफडणारा तुकडा का चढवतो, हे मला उमजत नाही.

तिथे शर्टालाच रंग आणि पट्टी हवी, मनगट बंद हवे, बाहेर लोंबणारी नाडी नको. इतरत्र जाकीट द्यायचेच असेल, तर खांद्यावर आणि कमरेवर ओढताच सुटणारे द्यावे.

ठिणगी :

बॅटरी विभागाचा विचार कोणी केलेला दिसत नाही. लिथियमची बॅटरी पेटली की क्षणात जाळ उसळतो. साधे पॉलिएस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. त्यामुळे बॅटरीच्या टेबलावर साधे पोपटी जाकीट मुळीच नको. ज्वालारोधक कपड्यावरून तर अजिबात नको, कारण मग आतल्या चांगल्या कपड्याचा उपयोग उरत नाही. मोडॅक्रिलिक (सहज न पेटणारा कृत्रिम धागा) आणि कापसाच्या मिश्रणाचे, ज्वालारोधक असूनही ठळक रंगाचे कापड मिळते. ते महाग असते, पण ते चार-पाच जणांनाच लागणार आहे.

सोनचाफा :

मी वर्गीकरणाच्या पट्ट्यावर सात वर्षे काम केले आणि आता तिथेच देखरेख करते. महिलांच्या बाजूने लिहिते.

आम्हांला नेहमी पुरुषांच्या मापाचे जाकीट मिळाले. ते खांद्यावरून उतरते, मग आम्ही त्याला पिन लावतो किंवा मागे गाठ मारतो, आणि गाठ मारली की पाठीवरची पट्टी आत दुमडली जाते. साडी नेसणाऱ्या बायका वरून जाकीट घालतात तेव्हा पदर बाहेर राहतो. तो रंगही झाकतो आणि यंत्रात जाण्याची भीतीही असते. आमच्याकडे शेवटी गुडघ्यापर्यंतचा, पुढून बंद होणारा पूर्ण बाह्यांचा कोट शिवून घेतला. पदर आणि ओढणी दोन्ही आत राहतात. त्याचे माप घेताना प्रत्येकीला वाकायला आणि हात वर करायला सांगितले होते, कारण उभे राहून घेतलेले माप कामाच्या वेळी तोकडे पडते.

आणखी एक सांगते. बाहेरचे खिसे नकोत. खिशात धूळ साठते, स्क्रू साठतात, आणि सवयीने माणूस त्यातच तंबाखूची पुडी किंवा बिस्किट ठेवतो.

रसायनरेषा :

@सोनचाफा ताई, खिशाचा मुद्दा मी माझ्या प्रशिक्षणात आजपासून सांगणार आहे. शिशाचे कण पोटात जाण्याचा तो अगदी सरळ मार्ग आहे.

राइनकाठ :

मी जर्मनीत पुनर्चक्रण उद्योगात काम करतो. इथे शिशासारख्या धुळीच्या कामांत कपडे बदलण्याच्या खोलीला काळी आणि पांढरी अशा दोन बाजू असतात. घरचे कपडे पांढऱ्या बाजूला, कामाचे काळ्या बाजूला, आणि मधे स्नानगृह. स्नान केल्याशिवाय माणूस पांढऱ्या बाजूला येत नाही. कपडे बहुधा भाड्याने घेतलेले असतात. प्रत्येक कपड्यात छोटी चिप शिवलेली असते, धुलाई कंपनी धुलाया मोजते आणि ठरलेला आकडा झाला की कपडा बाद करते. ‘अजून चालेल’ असे म्हणायला कोणालाच जागा राहत नाही. चिप नसली तरी कॉलरच्या आत न जाणाऱ्या शाईने प्रत्येक धुलाईला एक रेघ मारता येईल.

जुनी_वखार :

रेघेची कल्पना उत्तम. आमच्या वखारीत पोत्यांवर अशाच रेघा मारत.

पावसाळी :

पावसाळ्याचे विसरू नका. जूनपासून माल उतरवणारे सगळे निळे-काळे रेनकोट चढवतात आणि आतला महागडा शर्ट चार महिने झाकून राहतो. अंगणात काम करणाऱ्यांचा रेनकोटच ठळक रंगाचा आणि पट्टीचा हवा.

कोनशिला :

रंगाबद्दल मी सुरुवातीला मुद्दाम लिहिले नव्हते. पोपटी आणि नारिंगी यांत सर्वत्र श्रेष्ठ असा एक नाही, मागे काय आहे त्यावर ते ठरते. पिवळ्या सोडियम दिव्याखाली पोपटी आणि पांढरा जवळजवळ सारखेच दिसतात. पांढऱ्या एलईडीत अतिनील भाग जवळजवळ नसल्यामुळे दोन्ही रंग उन्हातल्यापेक्षा मंद वाटतात. तेव्हा @खाडीकाठ, तुम्ही स्वतः फोर्कलिफ्टच्या आसनावर बसून पाहा.

खाडीकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

संध्याकाळच्या पाळीत मी फोर्कलिफ्टवर बसलो आणि तिघांना तीन नमुने घालून जंबो बॅगांजवळ उभे केले, मग वाकायला सांगितले. आमच्या बॅगा पांढऱ्या आहेत. त्यांच्यापुढे पोपटी रंग मला वाटला होता त्यापेक्षा फिका पडला, नारिंगी मात्र स्पष्ट उठून दिसला. वाकल्यावर दोन्ही जाकिटांचा पुढचा भाग दिसेनासा झाला. बाह्यांवर पट्टी असलेला माणूस त्याच्या हलत्या हातांमुळे लगेच ओळखू आला. आणि माणूस बॅगेच्या मागे पूर्ण गेला तेव्हा कोणताच कपडा दिसला नाही, हे मी खरेदी विभागाला त्याच आसनावर बसवून दाखवले. त्या एका गोष्टीमुळे बॅगांची रांग भिंतीकडे सरकवून पायी चालण्याची वेगळी वाट आखण्याला लगेच होकार मिळाला. ती मागणी मी दोन वर्षांपासून करत होतो.

सर्वांना एकच कपडा देण्याचा विचार मागे पडला. अंगणात आणि माल उतरवण्याच्या जागी मिश्र विणीचा नारिंगी, पूर्ण बाह्यांचा, पट्टीचा शर्ट आणि पावसाळ्यासाठी त्याच रंगाचा रेनकोट. श्रेडर आणि पट्ट्याजवळ तोच शर्ट अंगाबरोबर शिवलेला, मनगट बंद असलेला, वरून काही नाही. बॅटरी विभागात पाच जणांना ज्वालारोधक कपडे. सुटे भाग करण्याच्या टेबलावर वाहने येतच नाहीत, म्हणून तिथे ठळक रंगापेक्षा धूळ न धरणारा साधा कोट पुरे झाला आणि वाचलेले पैसे टेबलावरच्या धूळ ओढणाऱ्या नळ्यांकडे वळवले. @कुर्लेकर, हा निर्णय तुमच्या प्रतिसादामुळे झाला.

प्रत्येकाला तीन जोड मिळतील : एक अंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. कॉलरच्या आत रेघ मारली जाईल. कॉम्प्रेसरची नळी काढून टाकली आहे. सुरुवातीला मुलांनी कुरकुर केली, पण @रसायनरेषा यांनी लिहिलेली त्या दोन भावंडांची हकिगत मी पाळीच्या सुरुवातीला वाचून दाखवली, तेव्हा शेडमध्ये शांतता पसरली. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत अशा दोघांनी त्याच दिवशी आंघोळीची सोय विचारली. ती अजून अपुरी आहे, दोनच नळ आहेत. त्यासाठी पुढच्या अंदाजपत्रकात मागणी लिहून दिली आहे.

सोनचाफा :

फार बरे वाटले वाचून. महिलांच्या कोटाचे काय ठरले?

खाडीकाठ :

ताई, पट्ट्यावरच्या महिलांसाठी तुम्ही लिहिल्याप्रमाणे गुडघ्यापर्यंतचा नारिंगी कोट शिवून घेत आहोत, बाहेर खिसे नसलेला. दोन नमुने आले होते, दोन्हींची बाही हात वर केल्यावर कोपराकडे सरकत होती, म्हणून परत पाठवले. परवा सकाळच्या पाळीत शिंपी स्वतः येऊन पंधरा जणींची मापे घेणार आहे, उभ्याने आणि वाकूनही.